झाकिर साहेब : राष्ट्रपती भवनात गेलेला एक मास्तर

डॉ. झाकिर हुसेन यांचं नाव आपल्या मुलांना शाळेत एका ओळीत शिकवलं जातं : भारताचे तिसरे राष्ट्रपती आणि त्या पदावर बसलेले पहिले मुस्लिम. परीक्षेत एका गुणासाठी ही ओळ पुरते. पण साहेबांनी आयुष्याची बावीस वर्षं एक गरीब शाळा-कॉलेज चालवण्यात घालवली. तिथे पगार वेळेवर होईल याची खात्री नसायची. ते स्वतःला शेवटपर्यंत शिक्षकच समजत राहिले. ज्या घरात मुलं शिकतात आणि आई-वडील फीची जुळवाजुळव करतात, त्या प्रत्येक घराला ही गोष्ट माहीत असायला हवी.

बालपण आणि घराणं

झाकिर हुसेन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबादेत झाला. घराणं मूळचं उत्तर प्रदेशातल्या फर्रुखाबाद जिल्ह्यातल्या कायमगंजचं, आफ्रिदी पठाणांचं. वडील फिदा हुसेन खान वकिलीसाठी हैदराबादला आले आणि तिथे त्यांचा चांगला जम बसला. सात भावांत झाकिर तिसरे.

१९०७ मध्ये वडिलांचा इंतकाल झाला, तेव्हा झाकिर दहा वर्षांचे होते. आई नाझनीन बेगम मुलांना घेऊन कायमगंजला परतल्या. मुलांना इटावाच्या इस्लामिया हायस्कूलमध्ये घातलं. १९११ मध्ये प्लेगची साथ आली आणि त्यात आईही गेल्या. चौदाव्या वर्षी झाकिर पूर्णपणे पोरके झाले. त्या काळी प्लेगने महाराष्ट्रातलीही किती घरं रिकामी केली ते आपल्या आजी-आजोबांच्या बोलण्यातून आपण ऐकलंय. अशा वेळी शिक्षण सुटतं, हे नेहमीचंच. या भावांचं ते सुटलं नाही. पुढे एक भाऊ युसूफ हुसेन हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक झाले. दुसरे भाऊ महमूद हुसेन फाळणीनंतर पाकिस्तानात शिक्षणमंत्री आणि कुलगुरू झाले.

अलिगड आणि १९२० चा निर्णय

इटावाहून झाकिर अलिगडच्या मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजात गेले. मनात डॉक्टर व्हायचं होतं, पण आजारपणामुळे ते राहून गेलं. मग तत्त्वज्ञान, इंग्रजी साहित्य आणि अर्थशास्त्र घेऊन पदवी केली. १९१५ मध्ये, विद्यार्थी असतानाच, शाहजहाँ बेगम यांच्याशी त्यांचा निकाह झाला. दोस्तमंडळी त्यांना ‘मुर्शिद’ म्हणायची, इतका त्यांच्या शब्दाला मान होता.

ऑक्टोबर १९२० मध्ये गांधीजी आणि अलीबंधू अलिगडला आले. खिलाफत आणि असहकाराचे दिवस होते. सरकारी अनुदानावर चालणारं शिक्षण सोडा, असं आवाहन त्यांनी विद्यार्थ्यांना केलं. झाकिर हुसेन तेव्हा तेवीस वर्षांचे होते. एम.ए. चालू होतं आणि कॉलेजात शिकवायचं कामही मिळालं होतं. पुढची वाट सरळ होती : पदवी, सरकारी नोकरी, मानाची जागा. ते बाहेर पडले.

पण नुसतं बाहेर पडून काय करायचं? मुलांनी शिकायचं कुठे? या प्रश्नातून २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलिगडमध्येच जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली. पायाभरणीच्या वेळी शेखुल हिंद मौलाना महमूद हसन हजर होते. हकीम अजमल खान पहिले कुलपती झाले आणि मौलाना मोहम्मद अली जौहर पहिले शेखुल जामिया, म्हणजे कुलगुरू. सुरुवात तंबूंत आणि भाड्याच्या बंगल्यांत झाली. झाकिर हुसेन तिथे शिकवू लागले.

बर्लिनहून आलेली तार

१९२२ मध्ये ते उच्च शिक्षणासाठी जर्मनीला गेले. बर्लिन विद्यापीठात अर्थशास्त्रात संशोधन केलं आणि १९२६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय होता ब्रिटिश भारतातली शेतीव्यवस्था. अभ्यासाच्या जोडीने त्यांनी मिर्झा गालिबच्या दिवानची एक देखणी छोटी आवृत्ती बर्लिनच्या कावियानी छापखान्यातून काढली. तिचे खिळे जुळवायला ते स्वतः बसले होते. हाताने काम करणं त्यांना कधीच कमीपणाचं वाटलं नाही.

इकडे जामियावर संकट आलं. मार्च १९२४ मध्ये तुर्कस्तानात खिलाफत बरखास्त झाली आणि भारतातली खिलाफत चळवळ विझत गेली. तिच्याकडून येणारा पैसाही थांबला. जामिया बंद करावी, अशी चर्चा सुरू झाली. तेव्हा झाकिर हुसेन, त्यांचे मित्र आबिद हुसेन आणि मोहम्मद मुजीब यांनी जर्मनीतून कळवलं की आम्ही आयुष्य जामियाला द्यायला तयार आहोत, आम्ही परत येईपर्यंत ती बंद करू नका.

हकीम अजमल खान, डॉ. अन्सारी आणि गांधीजींनी जामिया वाचवायचं ठरवलं. १९२५ मध्ये ती अलिगडहून दिल्लीच्या करोलबागेत आली. १९२६ मध्ये तिघं मित्र परतले आणि झाकिर हुसेन शेखुल जामिया झाले, वयाच्या २९ व्या वर्षी. या पदावर ते १९४८ पर्यंत राहिले.

दीडशे रुपयांची शपथ

डिसेंबर १९२७ मध्ये हकीम अजमल खान यांचा इंतकाल झाला. जामियाचा सर्वांत मोठा आधार गेला. पैसा कुठून आणायचा हा प्रश्न पुन्हा उभा राहिला.

१९२८ मध्ये झाकिर साहेब आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी लेखी शपथ घेतली : आम्ही वीस वर्षं जामियाची सेवा करू आणि दरमहा दीडशे रुपयांपेक्षा जास्त पगार घेणार नाही. दीडशे ही वरची मर्यादा होती. हातात त्याहून कमीच यायचं आणि तेही कधी उशिरा, कधी अर्धं. जर्मनीची डॉक्टरेट असलेल्या माणसाला त्या काळात याच्या कितीतरी पट पगार कुठेही मिळाला असता.

मग त्यांनी एक साधा मार्ग काढला. एका-दोघा श्रीमंतांच्या भरवशावर राहण्यापेक्षा शेकडो सामान्य माणसांकडून लहान लहान वर्गणी घ्यायची. यासाठी ‘हमदर्दान-ए-जामिया’ ही योजना सुरू झाली. आपल्याकडे मोहल्ल्याची मशीद किंवा मदरसा जसा घराघरातून चालतो, तसंच हे होतं.

वीस वर्षांची शपथ त्यांनी पूर्ण केली. नंतरच जामियाचा कारभार सोडला.

वर्गातले आणि वर्गाबाहेरचे साहेब

कुलगुरू असूनही झाकिर साहेबांचा जीव प्राथमिक शाळेत अडकलेला असायचा. जामियाच्या प्राथमिक शाळेत मुलं नुसती पाठांतर करत नव्हती. मुलांची स्वतःची बँक होती, स्वतःचं दुकान होतं. हिशेब त्यातून शिकायचा आणि इमानदारीही त्यातूनच. ‘पयाम-ए-तालीम’ हे मुलांचं मासिक निघायचं आणि ‘मकतबा जामिया’ पुस्तकं छापायचं. गेर्डा फिलिप्सबॉर्न ही जर्मन ज्यू बाई झाकिर साहेबांच्या बर्लिनच्या दिवसांतल्या ओळखीवर भारतात आली आणि लहान मुलांच्या कामाला वाहून घेतलं. मुलं तिला ‘आपाजान’ म्हणायची. ती पुन्हा मायदेशी गेली नाही. तिची कबर जामियातच आहे.

१९३५ मध्ये ओखला इथे जामियाच्या नव्या जागेची पायाभरणी झाली. अशा कार्यक्रमाला मोठा पाहुणा बोलावण्याची रीत असते. झाकिर साहेबांनी पायाचा दगड शाळेतल्या सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या हातून बसवून घेतला.

त्यांच्या शिस्तीचा एक किस्सा अजून सांगितला जातो. मुलं बूट न पुसता यायची. सांगून सांगून फरक पडेना. एके दिवशी फाटकाजवळ कोणीतरी ब्रश आणि पॉलिश घेऊन बसलेलं मुलांना दिसलं. जवळ गेल्यावर कळलं, खुद्द शेखुल जामिया बसलेत आणि येणाऱ्याला म्हणतायत, ये बेटा, बूट पुढे कर. दुसऱ्या दिवशीपासून कोणाला सांगावं लागलं नाही. न ओरडता, न मारता.

घर आणि रेहाना

शाहजहाँ बेगम पडदा पाळणाऱ्या होत्या. सभा-समारंभात त्या फारशा दिसल्या नाहीत. पण शपथ साहेबांनी घेतली तेव्हा ती घराच्या वाट्यालाही आली. तेवढ्या पैशात महिना चालवणं, पाहुण्यांच्या ताटात काही कमी पडू न देणं, मुलींना वाढवणं हे सगळं त्यांनी केलं. झाकिर साहेबांच्या त्यागाबद्दल बोलताना बेगम साहिबांचं नाव राहून जातं. ते राहू नये.

या दांपत्याच्या दोन मुली मोठ्या झाल्या, सईदा आणि सफिया. सईदा खुर्शीद यांनी पुढे वडिलांच्या आठवणींचं उर्दू पुस्तक लिहिलं, ‘झाकिर साहब की कहानी, उन की बेटी की जुबानी’. माजी केंद्रीय मंत्री सलमान खुर्शीद हे सईदा यांचे चिरंजीव.

आणखी एक मुलगी होती, रेहाना. ती लहानपणीच गेली.

त्या दिवसाची आठवण जामियात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. प्राथमिक शाळेचा निकाल लागला होता. मुलं ओळीने उभी होती आणि झाकिर साहेब स्वतः मिठाई वाटत होते. शिपाई आला आणि कानात म्हणाला की मुलीची तब्येत फार बिघडलीय. साहेब वाटत राहिले. थोड्या वेळाने शिपाई परत आला आणि हळूच सांगितलं की मुलगी गेली. साहेबांचा चेहरा पांढरा पडला, पण हात थांबला नाही. शेवटच्या मुलाला मिठाई मिळाली तेव्हाच ते घराकडे निघाले. नंतर कोणी विचारलं, लगेच का नाही निघालात? ते म्हणाले, मुलं इतकी खूश होती, त्यांच्या आनंदात विघ्न आणावंसं वाटलं नाही. त्यानंतर कित्येक दिवस सकाळी त्यांची उशी ओली असायची, असं बेगम साहिबांनी सांगितल्याचंही म्हणतात.

ही आठवण ऐकून प्रत्येकाला एकसारखं वाटत नाही. कोणी म्हणेल, केवढा सब्र! कोणी आई म्हणेल, बापाने आधी घरी यायला हवं होतं. दोन्ही म्हणणी खरी आहेत. पण साहेबांचं काळीज दगडाचं होतं असं ज्याला वाटेल, त्याने त्यांच्या बालकथा कोणत्या नावाने छापून आल्या ते पाहावं. त्या ‘रुकय्या रेहाना’ या नावाने आल्या. गेलेल्या लेकीचं नाव बापाने असं जपलं.

या कथांमधली ‘अब्बू खाँ की बकरी’ सर्वांत गाजली. चांदनी नावाची एक बकरी दावणीचं सुरक्षित जगणं सोडून डोंगरावर जाते. रात्री लांडगा येतो. आपण जिंकणार नाही हे तिला माहीत असतं, तरी ती पहाटेपर्यंत लढते. ती मरते तेव्हा झाडावरचे पक्षी वाद घालतात, जिंकलं कोण? बाकीचे लांडग्याचं नाव घेतात, एक म्हातारं पाखरू चांदनीचं घेतं. घरात लहान मुलं असतील तर ही गोष्ट त्यांना जरूर वाचून दाखवा.

वर्धा आणि नई तालीम

झाकिर साहेबांचं महाराष्ट्राशी नातं जुळलं ते वर्ध्यात. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी वर्ध्याला शिक्षण परिषद बोलावली. मुलांनी हस्तोद्योगातून शिकावं आणि त्यांच्या कामाच्या कमाईतून शाळेचा खर्च निघावा, अशी गांधीजींची कल्पना होती. झाकिर साहेबांनी भर परिषदेत गांधीजींसमोरच सांगितलं की कामातून शिक्षण ही गोष्ट बरोबर आहे, पण कमाईवर जास्त भर दिला तर शिक्षक मुलांना राबवून घेतील.

गांधीजी रागावले नाहीत. अभ्यासक्रम ठरवण्यासाठी जी समिती नेमली, तिचं अध्यक्षपद त्यांनी झाकिर साहेबांनाच दिलं. समितीत विनोबा भावे, काका कालेलकर, के. जी. सय्यदैन अशी माणसं होती. डिसेंबरात अहवाल तयार झाला. सात ते चौदा वर्षांच्या मुला-मुलींना मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून शिकवणं, एखाद्या कामाभोवती सगळे विषय गुंफणं, या त्यातल्या मुख्य गोष्टी. हीच ‘नई तालीम’ किंवा वर्धा योजना. पुढे सेवाग्रामच्या हिंदुस्तानी तालीमी संघाचे ते बरीच वर्षं अध्यक्ष होते. मुलांना कोणत्या भाषेत शिकवायचं हा वाद आपल्या घरांत आजही चालू असतो. उर्दूवर जीव असलेल्या या माणसाने तेव्हाच मातृभाषेच्या बाजूने कौल दिला होता.

१९४६ आणि १९४७

नोव्हेंबर १९४६ मध्ये जामियाचा रौप्य महोत्सव झाला. देशात दंगली पेटल्या होत्या आणि काँग्रेस-लीगचे नेते एकमेकांकडे बघायला तयार नव्हते. त्या दिवशी झाकिर साहेबांच्या मंचावर नेहरू, मौलाना आझाद, जिना आणि लियाकत अली खान एकत्र बसले. साहेबांनी त्यांना तोंडावर विनवलं की आग कोणी लावली हे नंतर ठरवा, आधी ती विझवा. माणसातली माणुसकी जळत असताना शाळा चालवायच्या कशा, हा त्यांचा सवाल होता.

ऑगस्ट १९४७ मध्ये ते रेल्वेने काश्मीरकडे निघाले असताना जालंधर स्थानकावर जमावाच्या तावडीत सापडले. एका शीख लष्करी कॅप्टनने आणि एका हिंदू रेल्वे कर्मचाऱ्याने त्यांचा जीव वाचवला. दिल्लीत परतल्यावर पाहिलं तर करोलबागेत ‘मकतबा जामिया’ची पुस्तकं जळून खाक झाली होती. गांधीजी सप्टेंबरात दिल्लीला आल्यावर ओखल्याला जाऊन जामियातल्या लोकांना भेटले.

भाऊ पाकिस्तानात होता. अनेक जुने सहकारी तिकडे गेले. झाकिर साहेब इथेच राहिले. जालंधरला काय झालं ते सांगून त्यांनी कधी कोणाविरुद्ध राग पेटवला नाही. निर्वासितांच्या मदतीला लागले आणि शाळा पुन्हा सुरू केली.

अलिगडपासून राष्ट्रपती भवनापर्यंत

१९४८ मध्ये त्यांना अलिगड मुस्लिम विद्यापीठाचं कुलगुरूपद मिळालं. ज्या संस्थेतून ते अठ्ठावीस वर्षांपूर्वी बाहेर पडले, तिथेच परतले. फाळणीनंतर अलिगडकडे संशयाने पाहिलं जात होतं, विद्यार्थी आणि शिक्षक घाबरलेले होते. १९५६ पर्यंत त्यांनी ते विद्यापीठ सांभाळलं. आवारात फुलझाडं लावली, बागा उभ्या केल्या. गुलाबांवर त्यांचा फार जीव होता. दगड आणि खनिजं जमवायचाही छंद होता.

१९५२ मध्ये ते राज्यसभेवर नियुक्त झाले, १९५७ मध्ये बिहारचे राज्यपाल आणि १९६२ मध्ये उपराष्ट्रपती. १९५४ मध्ये पद्मविभूषण मिळालं, १९६३ मध्ये भारतरत्न. १३ मे १९६७ रोजी ते राष्ट्रपती झाले. त्या निवडणुकीत त्यांच्यासमोर माजी सरन्यायाधीश के. सुब्बाराव होते. शपथविधीनंतरच्या भाषणात त्यांनी सांगितलं की सारा भारत माझं घर आहे आणि इथले लोक माझं कुटुंब. या मानाच्या जागेसाठी आपली निवड झाली ती मुख्यतः शिक्षणाशी असलेल्या नात्यामुळे, असंही त्यांनी मानलं.

अखेर आणि वारसा

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती भवनात हृदयविकाराने त्यांचा इंतकाल झाला. पदावर असताना निधन झालेले ते पहिले राष्ट्रपती. वय ७२ होतं. दफन जामियाच्या आवारात झालं. त्यांच्या मजारची रचना वास्तुविशारद हबीब रहमान यांची आहे. पुढे शाहजहाँ बेगमही तिथेच विसावल्या. कबरीपासून जवळच शाळेची मुलं येता-जाता दिसतात.

जामियाला १९६२ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि १९८८ मध्ये ती केंद्रीय विद्यापीठ झाली. तिच्या ग्रंथालयाला झाकिर साहेबांचं नाव आहे. दिल्लीच्या जुन्या दिल्ली कॉलेजला आणि चंदीगडच्या मोठ्या गुलाबबागेलाही त्यांचंच नाव आहे. महाराष्ट्रातूनही दरवर्षी मुलं-मुली जामियाच्या प्रवेश परीक्षा देतात. ज्या संस्थेचा फॉर्म ते भरतात, ती एकेकाळी बंद पडणार होती आणि काही शिक्षकांनी अर्ध्या पगारावर ती तगवली, हे त्यांना सांगायला हवं.

झाकिर साहेबांसारखी माणसं आपल्या गावातही असतात. त्यांना कोणी भारतरत्न देत नाही. निवृत्तीनंतरही मोहल्ल्यातल्या मुलांना फुकट गणित शिकवणारे सर, मुलीचं शिक्षण थांबू नये म्हणून तिच्या अब्बांची समजूत काढायला घरी येणाऱ्या बाई. अशा कोणाला आपण ओळखत असाल तर या आठवड्यात एक फोन करा, सलाम सांगा. आणि त्यांच्या घरच्यांनाही सांगा, कारण त्यांचा वेळ त्या घराने आपल्याला दिलेला असतो.

अल्लाह तआला झाकिर साहेबांची आणि बेगम साहिबांची मगफिरत करो आणि त्यांना जन्नतुल फिरदौसमध्ये जागा देवो. आमीन.